निळ्या वर्णाचे ज्यू
सिओना बेंजामिन यांच्या चित्रांतील घर, वंश आणि आपलेपणाचा शोध

हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर केलेला हल्ला आणि त्यानंतर गाझात पेटलेले युद्ध यांनी पश्चिम आशियाचे राजकारण तर ढवळून काढलेच; पण 'ज्यू असणे म्हणजे नेमके काय' हा जुना प्रश्नही जगभरच्या विद्यापीठांत, संग्रहालयांत आणि कलादालनांत नव्या तीव्रतेने उभा केला. हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली. पुढच्या दोन वर्षांत गाझात साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडल्याचे तेथील आरोग्य मंत्रालयाचे आकडे सांगतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम जाहीर झाला, तरी कलाविश्वातील तेढ काही शमलेली नाही. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात इस्रायलच्या कलावंत रुथ पातीर यांनी युद्धविराम आणि ओलिसांच्या सुटकेचा करार होईपर्यंत आपल्या देशाचे दालन उघडण्यास नकार दिला, ही या तेढीची सर्वांत बोलकी घटना. कलावंताने कोणत्या बाजूला उभे राहावे हे आधी विचारले जाते. त्याने काय रंगवले आहे हे मागाहून, आणि तेही वेळ उरला तर.

या वातावरणात मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या सिओना बेंजामिन यांच्या चित्रांकडे वळून पाहण्यासारखे आहे. त्या बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे कोकणातील मराठी भाषक ज्यूंपैकी. गेली पंचवीसहून अधिक वर्षे त्या सारा, हागार, लिलिथ, वश्ती अशा बायबलमधील आणि ज्यू दंतकथांतील स्त्रिया रंगवीत आहेत, आणि या स्त्रियांची कातडी निळी आहे. निळा हा केवळ शैलीचा भाग नाही. 'तुम्ही ज्यू दिसत नाही' असे पाश्चात्त्य देशांत ज्यांना सहजपणे ऐकवले जाते, त्यांनी त्या शेऱ्याला दिलेले ते उत्तर आहे.

सिओना बेंजामिन यांचा जन्म १९६० चा. घर ज्यू, शाळा कॅथलिक आणि पारशी, शेजार हिंदू आणि मुसलमान. मुंबईच्या एका पिढीला हे मिश्रण मुळीच नवलाचे वाटत नसे. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर ऐंशीच्या दशकात त्या अमेरिकेस गेल्या. तेथे इलिनॉय राज्यात त्यांनी चित्रकलेची आणि पुढे रंगभूमीच्या नेपथ्याची अशा दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या. नेपथ्याचे हे शिक्षण त्यांच्या चित्रांत अजून दिसते. पात्रे रंगमंचावर उभी केल्यासारखी असतात, मागे पडदा, भोवती कमान, आणि मधोमध कोणीतरी थेट प्रेक्षकाकडे पाहत असते. ज्या संस्कृतीतून त्या आल्या तिची नक्षी, झगमग, मखमल, तेलाचे दिवे हे सारे आधुनिक चित्रकलेच्या शिस्तीत कोठे बसवावे, ही त्यांच्यापुढची आरंभीची अडचण होती. पुढे त्यांनी ती अडचणच चित्राचा विषय केली.

बेने इस्रायलांची कथा मराठी वाचकास नवी नाही. तरी ती येथे थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण चित्रांची चावी तिच्यातच आहे. समाजाच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरले ते शनिवारची विश्रांती, सुंता, काही आहारनियम आणि 'शमा' ही प्रार्थना. वाचलेले लोक तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर अशी आडनावे पडली. पुढे केव्हातरी डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला आणि त्याने या लोकांच्या स्त्रियांपुढे खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला सारले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशीही आख्यायिका आहे. एखाद्या समाजाची धार्मिक ओळख स्वयंपाकघरात तपासली गेली, आणि ती स्त्रियांनी सिद्ध केली, हे या कथेचे वैशिष्ट्य. इतिहासकार अशा कथांना कितपत पुरावा मानतील हा वेगळा प्रश्न. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा मिसळल्याचे दाखवून दिले.

सणांची जुनी नावे तर थेट मराठी अंगणातली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि पुरीमला होळीचा सण. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मलिद्याचे ताट वाढले जाते: पोहे, नारळ, साखर, फळे. जगातील अन्य ज्यूंना हा विधी ठाऊक नाही. एलियाच्या रथाच्या चाकांच्या खुणा अलिबागजवळच्या एका खडकावर उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. मुंबईतील शाआर हरहमीम हे पहिले सिनेगॉग १७९६ चे. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते नवस फेडण्यासाठी बांधले, असे सांगितले जाते. समाज आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत असे, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच आल्याचे मानले जाते. उपनगरी गाडीतून रोज तेथून जाणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी किती जणांना याची कल्पना असेल, कोण जाणे.

इतक्या सरमिसळीतून वाढलेल्या चित्रकर्तीने शुद्ध वंशाचे, शुद्ध परंपरेचे चित्र काढणे शक्यच नव्हते. त्यांची 'फाइंडिंग होम' ही दीर्घ मालिका नावाप्रमाणे घराच्या शोधाची आहे. पण प्रत्येक चित्रात घर हाती लागण्याऐवजी आणखी एक दार उघडते. तंत्र लघुचित्रांचे: गवाश रंग, बारीक कुंचला, सोन्याचा वर्ख. इराणी-मोगल लघुचित्रे, बायझंटाइन मूर्तिचित्रे, मध्ययुगीन ज्यू सचित्र पोथ्या यांच्या शेजारी अमेरिकन कॉमिक आणि हिंदी सिनेमाची भित्तिपत्रके येऊन बसतात. २००० सालच्या 'तिक्कून हा-ओलाम' या चित्रात निळ्या वर्णाची एक स्त्री आहे. तिला देवीसारखे अनेक हात आहेत, आणि ते हात मेनोरा या ज्यूंच्या दीपवृक्षाच्या फांद्यांसारखे वर गेले आहेत. शीर्षकाचा अर्थ 'जगाची डागडुजी'. हिब्रू परंपरेत मोडलेले जग सांधणे हे माणसाचे कर्तव्य मानले आहे. त्यासाठी दोन हात अपुरे पडतात असा मिस्कील अर्थ कोणी काढला तर चित्र तो नाकारत नाही.

निळ्या रंगाविषयी सिओना बेंजामिन यांनी अनेकदा बोलून ठेवले आहे. निळा हा आकाशाचा आणि समुद्राचा रंग, म्हणून तो कोठलाच नाही आणि सगळीकडचा आहे. त्वचेवर तो चढला की माणूस परका ठरतो आणि त्याच वेळी वंशाच्या मोजमापातून सुटतो, अशी त्यांची भूमिका. कृष्णाचा वर्णही त्यात आहे. ज्यू प्रार्थनाशालीच्या झालरीतील निळ्या धाग्याची आठवणही त्यात शोधता येते. 'घननीळ' हा शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे अशा मराठी प्रेक्षकाला या स्त्रिया विचित्र वाटणार नाहीत, उलट ओळखीच्याच वाटतील. आणि आंबेडकरी चळवळीने याच रंगाला दिलेला समतेचा अर्थही त्याला आठवेल. तो अर्थ चित्रकर्तीने योजलेला नसेल, परंतु महाराष्ट्रात तो टाळताही येत नाही. न्यूयॉर्कच्या दालनात जो निळा रंग परकेपणाची खूण म्हणून वाचला जातो तोच येथे जवळिकीची खूण ठरतो. एकाच चित्राचे हे दोन अर्थ भूगोलाने घडविले आहेत.

'फरिश्ते' या त्यांच्या उपमालिकेत ही भूमिका सर्वांत धारदार होते. नाव उर्दू, पात्रे हिब्रू. लिलिथ ही ज्यू दंतकथेतील आदामाची पहिली पत्नी. त्याच्या अधीन राहण्यास नकार देऊन ती निघून गेली आणि पुढच्या परंपरेने तिला राक्षसी ठरविले. २००५ सालच्या चित्रात ती कॉमिकमधील नायिकेसारखी येते, मुखातून निघालेल्या फुग्यात हजार वर्षे धुमसत ठेवलेल्या सूडाची भाषा करते, आणि तिच्या अंगावर असते प्रार्थनेची शाल, जी परंपरेने पुरुषांचीच मानली गेली. राजाच्या दारूच्या बैठकीत मिरविण्यास नकार देणारी राणी वश्ती हीसुद्धा याच पंक्तीतली. पुरीमच्या सणात गौरव होतो तो तिच्या जागी आलेल्या एस्तरचा. वश्ती कथेतून पहिल्याच अध्यायात बाहेर फेकली जाते. बेंजामिन यांचा रस नेमका या बाहेर फेकल्या गेलेल्यांत आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. दहा आज्ञांतील दुसरी आज्ञा मूर्ती करण्यास मनाई करते. मग ज्यू चित्रकला हीच मुळात विसंगती नव्हे काय? हा समज दृढ असला तरी इतिहासाला धरून नाही. सीरियातील दुरा-युरोपोस येथे १९३२ मध्ये उत्खननात सापडलेल्या तिसऱ्या शतकातील सिनेगॉगच्या भिंती बायबलमधील प्रसंगांनी भरलेल्या आहेत. मनाई पूजेच्या मूर्तीला होती, कथेच्या चित्राला सर्वत्र नव्हती. आणि कोकणातील ज्यूंच्या बाबतीत तर रथारूढ एलियाची छापील तसबीर घराच्या भिंतीवर असणे हे नित्याचेच. याहून महत्त्वाचा दाखला पुण्याचा आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या 'हग्गादा' या पोथीची मराठी भाषांतरासह एक आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात निघाली. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. युरोपातील ज्यूंनी आपापल्या पोथ्यांत स्वतःच्या गावचे कपडे रंगविले, पुण्याच्या चित्रकाराने आपल्या गावचे रंगविले. त्यात कसलाही आविर्भाव नव्हता. मिसरमधून सुटून आलेल्यांची कथा नऊवारीत सांगता येते, हे बेंजामिन यांच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी ठरून गेले होते. त्यांच्या कलेचे मूळ अमेरिकेतील बहुसांस्कृतिकवादात शोधणाऱ्या समीक्षकांनी ही पोथी पाहावयास हवी.

विसाव्या शतकातील ज्यू चित्रकारांत मार्क शगालने १९३८ मध्ये क्रुसावरील येशूच्या कमरेला ज्यू प्रार्थनाशाल गुंडाळून युरोपला त्याच्या पापाची जाणीव दिली होती. आर. बी. कीताय यांनी १९८९ मध्ये स्थलांतरितांच्या चित्रकलेचा जाहीरनामाच लिहिला. बेंजामिन या परंपरेत बसतात. पण एक फरक मूलभूत आहे. शगाल आणि कीताय यांच्या चित्रांवर युरोपातील ज्यूद्वेषाची आणि संहाराची सावली आहे. कोकणातील ज्यूंना शेजाऱ्यांकडून तसा छळ सोसावा लागला नाही. मुंबईने तर नाझी युरोपातून आलेल्या रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर यांना आसरा दिला आणि त्यांनी हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीला हात दिला. म्हणूनच 'परतणे' आणि 'मुक्ती' हे शब्द बेने इस्रायलांच्या तोंडी वेगळे ऐकू येतात. छळातून सुटका करून घेण्यासाठी ते गेले नाहीत. नव्या राष्ट्राची ओढ, धर्माची हाक, इंग्रज गेल्यानंतर रेल्वे, टपाल अशा सरकारी नोकऱ्यांविषयी वाटणारी अनिश्चितता, आणि एकदा नातेवाईक गेल्यावर मागे उरण्याचा एकटेपणा, या सर्वांनी मिळून त्यांना नेले. १९५१ च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते. आता सर्व गट मिळून ते चार-पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे ८५ हजार सांगितली जाते.

तेथे स्वागत झाले ते मात्र संशयाने. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची कित्येक पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागणार होता! आंदोलने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि १९६४ मध्ये संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केल्यावर तो वाद मिटला. कागदावर तरी. भारतात 'शनवार तेली' आणि पितृभूमीत 'भारतीय', हे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्या मुलांनी कोणत्या रंगाची कातडी रंगवावी? निळी कातडी ही कवीकल्पना नव्हे, तिला १९६२ च्या आदेशाची पार्श्वभूमी आहे.

हे सारे मान्य करूनही या चित्रांविषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे. बेंजामिन यांच्या काही चित्रांत प्रतीकांची दाटी होते. हमसा हात, मेनोरा, कमळ, पंख, डाळिंब, साखळदंड, हिब्रू अक्षरे असे सारे एकाच चौकटीत येते, तेव्हा चित्र पाहण्याऐवजी उलगडून वाचावे लागते आणि सोबतच्या टिपणाखेरीज ते पुरे उमगत नाही. निळा रंगही सवयीचा झाला की त्याचा धक्का ओसरतो. ती ओळखीऐवजी स्वाक्षरी बनते. संग्रहालयांना आणि व्याख्यानमालांना असे चित्र सोयीचे असते, कारण त्यात संवादाचा, सलोख्याचा संदेश हातासरशी काढून देता येतो. चांगल्या चित्राने इतके सहज वापरले जाऊ नये.

याच कारणाने त्यांच्या 'फेसेस' या मालिकेचे मोल अधिक वाटते. २०१०-११ मध्ये फुलब्राइट अभ्यासवृत्तीवर त्या भारतात आल्या आणि येथे उरलेल्या बेने इस्रायल माणसांना भेटल्या, त्यांची छायाचित्रे घेतली, त्यांच्या कहाण्या ऐकल्या. त्या छायाचित्रांभोवती रंग आणि सोन्याचा वर्ख यांनी नक्षी गुंफून ही चित्रे तयार झाली. २०१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. येथे दंतकथेतील राणी नाही. कोणाची तरी आजी आहे, कोणाचा तरी भाऊ आहे. मोगल बादशहाच्या चेहऱ्यामागे असावी तशी सोनेरी झळाळी या साध्या चेहऱ्यांभोवती आहे, आणि ती अतिशयोक्ती वाटत नाही. प्रतीकांची गर्दी येथे आपोआप आवरली जाते, कारण चेहऱ्यावर जे आहे ते प्रतीकाहून जास्त आहे. समाज आटत चालला असता त्याची नोंद करणारी ही कला दप्तरखान्याचे कामही करते. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो त्यानंतर, २०१६ मध्ये.

२०१६-१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासवृत्तीवर त्या इस्रायलला गेल्या. प्रकल्पाचे नाव 'मातृभूमीकडून पितृभूमीकडे'. मायदेश सोडून वाडवडिलांच्या देशात गेलेल्या भारतीय ज्यूंचे काय झाले हा विषय. ज्यांनी मराठी घरात जपली, ज्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमधून चालविले, आणि ज्यांच्या नातवंडांना आता फक्त हिब्रू येते, अशा लोकांचा हा देश. 'कर' हा प्रत्यय काहींनी टिकविला, काहींनी टाकला.

याच सुमारास, २०१६ मध्ये, युरोपच्या किनाऱ्यावर येऊन आदळणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्यांनी अस्वस्थ होऊन त्यांनी 'एक्झोडस : आय सी मायसेल्फ इन यू' हे चित्र केले. ज्यूंच्या मुक्तीकथेचे नाव सीरियातून निघालेल्या माणसांना देणे ही साधी गोष्ट नव्हती. पण नवगावच्या किनाऱ्यावर पोहत आलेल्या चौदा जणांची कथा ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना बुडत्या नावेतील माणूस परका कसा वाटावा? २०२३ नंतर हा प्रश्न अधिक कठीण झाला आहे. ज्यू कलावंताने गाझातील मृतांविषयी हळहळ व्यक्त केली तर स्वकीय रागावतात, ओलिसांविषयी बोलावे तर इतर रागावतात. दोन्ही दुःखे एका चौकटीत मांडणाऱ्यावर दोन्हीकडून वार होतात.

बेंजामिन यांनी ती दोन्ही दुःखे एका चौकटीत मांडली होती, या युद्धाच्या कितीतरी आधी. 'फरिश्ते' मालिकेतच सारा आणि हागार यांचे चित्र आहे. अब्राहामाची पत्नी सारा ही इसहाकाची, म्हणजे परंपरेने ज्यूंची माता. दासी हागार ही इश्माएलची, म्हणजे अरबांची माता. मूळ कथेत सारेच्या सांगण्यावरून हागारला मुलासह वाळवंटात हाकलले जाते आणि त्या दोघींची पुन्हा भेट होत नाही. चित्रात त्या एकमेकींना कवटाळून उभ्या आहेत. दोघींची कातडी निळी आहे, आणि कोणती सारा व कोणती हागार हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही.